खोक्यातून आलेली सायकल आणि पेठेतला मिस्त्री

कारखान्यातून निघालेली सायकल स्वाराच्या हाती पडेपर्यंत भारतात तिची नोंद निदान तीन वह्यांत होत आली आहे: एक कारखानदाराची, दुसरी मोठ्या शहरातल्या घाऊक विक्रेत्याची आणि तिसरी तालुक्याच्या गावच्या दुकानदाराची. यांतल्या शेवटच्या दोन वह्या वगळून कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावरून, स्वतःच्या दालनातून किंवा एखाद्या ऑनलाइन बाजारपेठेतून गिऱ्हाइकाला माल पोचवणे, याला थेट ग्राहकविक्री म्हणतात. येथे कंपनी या शब्दाने कारखानाच समजण्याचे कारण नाही. आजचे अनेक ब्रँड सायकली दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतात, आणि त्यांच्या मालकीचे जे काही असते ते नाव, रचना, जाहिरात आणि गिऱ्हाइकांची यादी एवढेच असते.

मध्यस्थ वगळला की त्याचा नफा गिऱ्हाइकाच्या खिशात राहतो, हा हिशेब ऐकायला सरळ आहे. तो तपासून पाहायला सोलापूर जिल्ह्यातील बार्शीइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल, कारण हे गाव वाढले तेच मध्यस्थीवर. एका बाजूला इंग्रजी मुलूख आणि दुसऱ्या बाजूला निजामाचा मराठवाडा, अशा सीमेवर वसलेल्या या पेठेत मराठवाड्याचे धान्य, कापूस आणि गळिताचा माल उतरत असे व मुंबईकडचा तयार माल येथूनच आत जात असे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग गावाला बाजूला ठेवून गेला, तरी ज्या स्थानकाला आज कुर्डुवाडी म्हणतात त्याला त्या काळी ‘बार्शी रोड’ असेच नाव मिळाले. सुमारे ३५ किलोमीटर दूरच्या स्थानकाने गावाचे नाव लावावे, इतका बार्शीच्या मालाचा दबदबा होता. पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये या दोन ठिकाणांदरम्यान धावू लागली. तिच्या रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. १९११ मध्ये हीच गाडी लातूरपर्यंत गेली, तेव्हा लातूरच्या मालाला बार्शीत न उतरता पुढे जाण्याची सोय झाली. आज ज्याला थेट विक्री म्हणतात त्याची चव बार्शीच्या पेठेने अशी शंभर वर्षांपूर्वीच घेतली आहे.

या गावाला अडत म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. इतर वाचकांसाठी मात्र तो शब्द उलगडणे बरे. अडत्या शेतकऱ्याचा माल स्वतः विकत घेत नाही. तो माल आपल्या दुकानी उतरवून घेतो, त्याचा सौदा लावून देतो, वजनमाप करून पट्टी हातात ठेवतो, पेरणीच्या किंवा लग्नकार्याच्या वेळी उचल देतो, आणि या सगळ्याबद्दल विक्रीच्या रकमेवर ठरावीक टक्के घेतो. अडतीचा दर पट्टीवर लिहिलेला असतो, म्हणून त्यावर भांडता येते. सायकलीच्या दुकानदाराची मध्यस्थी मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते, आणि थेट विक्रीच्या वादातला सगळा घोळ तेथेच आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत भारतात सायकलीचे मोठे कारखाने झपाट्याने उभे राहिले. मद्रासेत टीआय सायकल्स १९४९ मध्ये सुरू झाली, सोनीपतला अॅटलास १९५१ मध्ये, आणि मुंजाल बंधूंची हिरो सायकल्स लुधियानात १९५६ मध्ये. आसनसोलला सेन-रॅले होती, मुंबईत हिंद सायकल्स होती. यांचा माल तालुक्याच्या गावी पोचत असे तो पूर्ण जोडलेल्या सायकलीच्या रूपात नव्हे. फ्रेमी, चाके, मडगार्ड, हँडल आणि सुट्या भागांच्या पिशव्या वेगवेगळ्या येत, आणि दुकानातला मिस्त्री त्यांची सायकल बांधत असे. सीट कोणते, कॅरिअर केवढे, स्टँड मधला की बाजूचा, घंटी आणि कुलूप कोणते, हे बरेचदा गिऱ्हाईकच समोर बसून ठरवी, म्हणून एकाच कंपनीच्या दोन सायकली एकाच गावात वेगळ्या दिसत. कारखाना लुधियानाचा असला तरी सायकलीचा शेवटचा कारागीर गावचाच असे.

विक्रीनंतरचे काम याहून मोठे होते. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत बसतात, म्हणजे त्यांचा ताण कमी-जास्त होतो आणि फिरते चाक किंचित डावी-उजवीकडे झुलू लागते. तारांच्या टोकाकडच्या निपला फिरवून तो ताण पुन्हा सारखा करण्याला मिस्त्री ‘आउट काढणे’ म्हणतात. ब्रेकची तार ताणली जाते ती आवळावी लागते, छर्ऱ्यांच्या वाट्या थोड्या घट्ट कराव्या लागतात. नव्या सायकलीसाठी ही कामे दुकानदार फुकट करून देई. याखेरीज सायकल हप्त्याने देणे, ज्वारी किंवा तूर बाजारात आल्यावर पैसे घेणे, जुनी सायकल ठेवून घेऊन नवीत वळते करणे, आणि ज्यांना विकत घेणे परवडत नाही त्यांना तासाच्या भाड्याने देणे, हेही दुकानच करी. गिरणीच्या पाळ्या आणि शाळा-महाविद्यालये असलेल्या गावात सायकलीचे दुकान म्हणजे एक छोटी पतपेढी होती आणि लहान मुलांसाठी ती पहिली वाहनशाळाही होती. दुकानदाराला एका सायकलीमागे जे सुटत असे त्यात माल भरून ठेवण्याची जोखीम, बांधणीची मजुरी, वर्षभराची फुकट डागडुजी आणि उधारीचे व्याज असे सगळे मिसळलेले होते, परंतु पावतीवर फक्त सायकलीची किंमत दिसे.

असे मिसळणे अपरिहार्य नव्हते, हे मराठी उद्योगाच्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध सायकलीच्या दुकानावरून दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते. ते मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे घेतले जात. विदेशी सायकल ही तेव्हा सरदार-साहेबांची चैन होती, त्यामुळे १५ रुपयांची शिकवणी कोणाला जड गेली नसावी. येथे मोलाची गोष्ट वेगळीच आहे: वस्तूची किंमत आणि माणसाच्या कौशल्याची किंमत या दोन बाबी त्या दुकानाने निरनिराळ्या मोजल्या. त्याच घराण्याने पुढे नांगर केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सायकल जसजशी गरिबाघरी गेली तसतसा हा वेगळेपणा पुसला गेला आणि कौशल्य किमतीच्या पोटात दडले.

मधल्या दुकानाला वळसा घालण्याचा पहिला मोठा प्रयोगही इंटरनेटने केलेला नाही. तो सरकारांनी केला. शाळकरी मुलामुलींना सायकली देण्याच्या योजना देशात अनेक राज्यांनी राबवल्या, आणि त्यांचे दोन नमुने स्पष्ट दिसतात. पश्चिम बंगालने २०१५ पासून ‘सबुज साथी’ योजनेत निविदा काढून कारखान्यांकडून सायकली घेतल्या आणि त्या शाळांमार्फत वाटल्या. अशा सायकलींची संख्या एक कोटीच्या वर गेली. व्यवहार कारखाना आणि सरकार यांच्यात झाला, गावच्या दुकानाला विक्रीतला पैसाही मिळाला नाही, पण बिघडलेली सायकल मात्र त्याच्याच दारी आली. बिहारने २००६ मध्ये उलट मार्ग धरला आणि मुलींना सायकलीसाठी रोख रक्कम दिली. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींसाठी जी सायकल योजना आहे, तिच्यातही लाभार्थी मुलीच्या बँक खात्यात रक्कम जमा करण्याची पद्धत आली. ३,५०० रुपयांची ही रक्कम २०२२ मध्ये ५,००० रुपये करण्यात आली. खात्यात पैसे आणि हातात खरेदीची पावती, या अटीमुळे मुलीचे पालक जवळच्या बाजाराच्या गावी जाऊन दुकानातून सायकल घेतात आणि दुकानदाराशी त्यांचा पुढचा संबंध आपोआप जुळतो. पैसा कोणत्या वाटेने जातो यावर सायकल पाच वर्षांनी चालते की गोठ्यात पडून राहते हे पुष्कळसे अवलंबून असते. निविदेची फाइल तयार करणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

खाजगी क्षेत्रातील थेट विक्री भारतात दोन वाटांनी आली. पहिली वाट स्वतःच्या दालनांची. डेकॅथलॉन ही फ्रेंच कंपनी २००९ मध्ये भारतात आली ती घाऊक विक्रीच्या परवान्यावर, आणि एकाच ब्रँडच्या किरकोळ विक्रीत शंभर टक्के परकी भांडवलाला मुभा मिळाल्यानंतर, २०१३ पासून तिने सामान्य गिऱ्हाइकाला माल विकायला सुरुवात केली. रचना तिची, नाव तिचे आणि दुकानही तिचेच, त्यामुळे तिच्या सायकलीचा गावच्या दुकानदाराशी विक्रीच्या टप्प्यावर संबंधच येत नाही. बार्शीच्या माणसाला अशी मोठी दालने पाहायला दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून पुण्याला जावे लागते, पण पुण्यात शिकणारा मुलगा सुटीत येताना ती सायकल घेऊन येतो आणि गल्लीतली दुसरी मुले तिचे नाव पाठ करतात. दुसरी वाट ऑनलाइन विक्रीची. मुंबईच्या अल्फाव्हेक्टर कंपनीची नाइन्टी वन, पुण्यात २०२० मध्ये सुरू झालेली ईमोटोरॅड, हिरोच्या घरातली लेक्ट्रो असे ब्रँड दुकानांतूनही विकतात आणि थेटही विकतात. म्हणजे दुकानदार त्यांचा विक्रेता असतो आणि प्रतिस्पर्धीही. २०१९ मध्ये केंद्राने एकाच ब्रँडच्या परकी कंपन्यांना आधी दुकान न उघडता ऑनलाइन विक्री करण्याची सवलत दिली, त्यामुळे या दोन वाटांमधला फरक आणखी पुसट झाला.

टाळेबंदीच्या वर्षाने या प्रवाहाला जोर दिला. व्यायामशाळा बंद, एसटी बंद आणि रस्ते मोकळे, अशा स्थितीत मे ते सप्टेंबर २०२० या पाच महिन्यांत देशात ४१ लाखांहून अधिक सायकली विकल्या गेल्याचे उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेने सांगितले. दुकाने अर्धवेळ उघडी आणि माल अपुरा असल्याने नव्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळांनी पहिल्यांदाच मोबाइलवर सायकल मागवली. त्याच वर्षी, ३ जून या जागतिक सायकल दिनी, अॅटलासने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला. ज्या दुकानांच्या पाट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हे नाव होते, त्यांना पाटी राखणारी कंपनीच निघून जाऊ शकते हे तेव्हा दिसले. दुकानांचे सगळे दुखणे ऑनलाइनच्या माथी मारण्यात अर्थ नाही, तो एवढ्यासाठी.

खोक्यातून येणारी सायकल पूर्ण जोडलेली नसते. वाहतुकीची जागा वाचावी म्हणून हँडल आडवे वळवलेले असते, पुढचे चाक, सीट आणि पेडल सुटे असतात, आणि सोबत एक षट्‌कोनी किल्ली व छापील पत्रक असते. पंधरा मिनिटांत जोडा, असे जाहिरात सांगते, आणि ज्याला पान्ह्याची सवय आहे त्याला खरोखरच तेवढा वेळ पुरतो. सवय नसलेल्याची पहिली चूक डाव्या पेडलपाशी होते. उजव्या पेडलचे आटे नेहमीचे असतात, पण डाव्या पेडलचे उलटे असतात, कारण तसे नसतील तर पाय मारता मारताच ते हळूहळू सैल होऊन गळून पडेल. ही युक्ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. हे माहीत नसलेला गिऱ्हाईक डावे पेडल नेहमीच्या दिशेने जोर लावून बसवतो, दांड्याचे मऊ आटे कापले जातात, आणि सायकल एक कोसही न चालता दांडा निकामी होतो. दुसरी चूक पुढचा चिमटा उलटा ठेवून हँडल बसवण्याची. चित्र पाहूनही ती होते, याची साक्ष कोणताही मिस्त्री देईल.

बारकावे यापुढचे आहेत, आणि तालुक्याच्या दुकानाचा खरा कस तेथे लागतो. जुन्या काळ्या सायकलीचे टायर २८ × १½ या मापाचे. मापातला २८ हा आकडा टायरच्या बाहेरच्या घेराचा ढोबळ व्यास इंचांत सांगतो. टायर रिमवर जेथे बसतो तो व्यास मात्र ६३५ मिलिमीटर असतो. नव्या मोठ्या चाकाच्या सायकलींवर ७००सी किंवा २९ असे लिहिलेले असते आणि त्यांच्या रिमचा हा व्यास ६२२ मिलिमीटर भरतो. २६ या आकड्याचा घोटाळा याहून वाईट: जुन्या २६ × १⅜ टायरचा बैठकीचा व्यास ५९० मिलिमीटर आणि डोंगरी पद्धतीच्या जाड टायरच्या २६ चा ५५९. दोन्हींवर २६ लिहिलेले असूनही एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. हवा भरण्याच्या व्हॉल्वचेही तसेच. काळ्या सायकलीच्या ट्यूबमध्ये रबरी व्हॉल्व ट्यूब घातलेला जुना डनलप व्हॉल्व असे, नव्या सायकलींना मोटारगाडीसारखा श्रेडर व्हॉल्व असतो, आणि महागड्या सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व, ज्यावर दुकानाबाहेरच्या पंपाचे तोंड बसतच नाही. एकेकाळी तीन मापांची टायरे आणि एका प्रकारचा व्हॉल्व ठेवून दुकान चाले. आज तेवढेच भांडवल दहा प्रकारांत विभागावे लागते, आणि त्यातला कोणता प्रकार उद्या दारात येईल हे विक्री दुकानातून झालेली नसल्याने दुकानदाराला आधी कळत नाही.

हा मुद्दा साठ्याच्या शास्त्राचा आहे. दुकानदार स्वतः विकलेल्या सायकलींचे सुटे भाग ठेवतो, कारण त्याने किती आणि कोणत्या विकल्या हे त्याला ठाऊक असते. सायकली दहा वाटांनी गावात येऊ लागल्या की सुट्या भागांची मागणी विखुरते आणि कोणताच भाग ठेवणे परवडत नाही. मग पंचवीस हजारांची सायकल दोनशे रुपयांच्या भागासाठी महिनाभर भिंतीला टेकून राहते.

किमतीचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दुकानात १०,००० रुपयांना मिळणारी सायकल थेट मागवल्यास ९,२०० रुपयांना पडते. गिऱ्हाइकाचे ८०० रुपये वाचले. जोडणीला मिस्त्रीने ३०० घेतले, महिन्याभराने आउट काढून ब्रेक आवळायचे १५० झाले, तरी ३५० रुपये शिल्लक राहतात, आणि पान्हा स्वतः धरता येत असेल तर आठशेच्या आठशे. तेव्हा थेट खरेदी करणाऱ्याला गावकऱ्यांनी मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. परंतु दुकानाच्या बाजूने पाहिले की चित्र बदलते. विक्रीत सुटणाऱ्या पैशातून दुकानाचे भाडे निघत होते, म्हणून पंक्चरचे काम मिस्त्री किरकोळ पैशांत करीत होता. विक्री कमी झाली की तेच भाडे पंक्चर, आउट आणि ओव्हरऑइलिंग यांच्या मजुरीतून काढावे लागते. ओव्हरऑइलिंग म्हणजे सायकल पूर्ण खोलून, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा बांधणे. या कामात अर्धा दिवस जातो, आणि त्याचे पैसे सांगितले की वर्षानुवर्षे फुकटाची सवय झालेले गिऱ्हाईक भुवया उंचावते. विक्रीच्या नफ्यावर दुरुस्ती स्वस्त ठेवणारी जुनी घडी थेट विक्रीने मोडली आहे, आणि सायकलीच्या दुकानाला बसलेला खरा तडाखा तो आहे. गेलेली विक्री ही त्याची फक्त दिसणारी बाजू.

यात एक अन्यायही आहे आणि तो सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक दुकानात येतो, मुलाला दोन-तीन सायकलींवर बसवून पाहतो, त्याच्या उंचीला कोणत्या मापाची फ्रेम चालेल हे दुकानदाराकडून समजावून घेतो, आणि बाहेर जाऊन तीच सायकल मोबाइलवर मागवतो. सल्ला दुकानाचा आणि विक्री दुसऱ्याची, असा हा व्यवहार कायद्याने चूक नाही, पण असे सल्ले देणारी दुकाने त्यामुळे कमी होतात आणि नुकसान शेवटी सल्ला मागणाऱ्यांचेच होते. उलट बाजूने, ऑनलाइन सायकल दारात आली की “जिथून घेतली तिथेच न्या” असे ऐकवणारे दुकानदारही आहेत. त्यांचा राग समजण्यासारखा असला तरी त्यांचा व्यापारी निर्णय चुकीचा आहे, कारण विक्रीचा नफा गेल्यावर मजुरी हाच ज्यांचा आधार उरतो त्यांनी मजुरी घेऊन येणारे गिऱ्हाईक परतवणे म्हणजे उरलेले दारही आपणच लावून घेणे होय.

बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीने या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. भारतात २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या अशा वाहनाला नोंदणी लागत नाही, म्हणून ते सायकलीच्या वर्गात राहते. पण तिच्या फ्रेममधली लिथियम बॅटरी, ती सांभाळणारी विद्युत्‌यंत्रणा आणि नियंत्रक हे बंदिस्त भाग गावच्या मिस्त्रीने खोलण्याजोगे नसतात. चाक, चेन, ब्रेक मिस्त्रीचे आणि बॅटरी कंपनीची, अशी या सायकलीची वाटणी होते. त्यामुळे असे ब्रँड पुष्कळदा पुन्हा दुकानाकडे वळतात, कारण बिघडलेली जड सायकल पुन्हा खोक्यात घालून परत पाठवणे दोन्ही बाजूंना महाग पडते. येथे दुकानाला वाटाघाटीत थोडे बळ आहे. तालुक्यातली अनेक दुकाने मिळून सेवेचा दर ठरवू शकली तर ते वाढेलही, परंतु सायकल दुकानदारांची एकी हा विषय वेगळाच आहे.

परदेशांत हा प्रवास काही वर्षे आधी झाला. जर्मनीतील कोब्लेंत्सची कॅन्यन ही कंपनी दुकानांना पूर्ण वगळून केवळ थेट विक्रीवर मोठी झाली. दुकानांवर उभ्या असलेल्या अमेरिकेच्या ट्रेकने २०१५ मध्ये असा मार्ग काढला की गिऱ्हाइकाने कंपनीच्या संकेतस्थळावर सायकल निवडून पैसे भरावेत, पण ती जवळच्या दुकानात जोडून घ्यावी आणि त्या दुकानाला सेवेचा मोबदला मिळावा. स्पेशलाइझ्डने मात्र २०२२ मध्ये अमेरिकेत घरपोच थेट विक्री सुरू केली. केवळ ऑनलाइन विकणाऱ्यांचेही सदा फुलते असे नाही: ब्रिटनची विगल ही मोठी ऑनलाइन सायकल विक्रेती २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या वाटांपैकी बार्शीसारख्या गावाला उपयोगी पडेल अशी ट्रेकची आहे, कारण तिच्यात दुकानदाराला साठ्यात पैसे गुंतवावे लागत नाहीत आणि त्याच्या हातकौशल्याची किंमत कंपनीच्या हिशेबात उघडपणे लिहिली जाते. अडतीच्या पट्टीसारखी ती कागदावर येते.

ग्राहकाच्या बाजूने कायद्याचे बळ मात्र पूर्वीपेक्षा वाढले आहे, आणि लहान गावातील गिऱ्हाइकाने ते जाणून घ्यावे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे बार्शीच्या माणसाला कंपनीच्या गावी जाण्याची गरज नाही, सोलापूर पुरते. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्री मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा, असे बंधन आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही घट दुकानातल्या व खोक्यातल्या दोन्ही सायकलींना सारखीच लागू असल्याने त्यांच्यातली स्पर्धा होती तेथेच राहिली आहे.

दुकानदारासाठी यातून निघणारे काम साधे पण सवयीविरुद्ध आहे: जोडणी, आउट, ब्रेक, गिअरची जुळणी आणि ओव्हरऑइलिंग यांचे दर भिंतीवर लिहिणे, सायकल कोणाकडून घेतली हे न विचारता ते घेणे, आणि स्वतः विकलेल्या सायकलीला पहिल्या वर्षी ज्या सेवा माफ आहेत त्या पावतीवर किमतीसह लिहून मग वजा दाखवणे. असे केल्यावर दुकानातली महाग सायकल खरोखर किती महाग आहे, हे गिऱ्हाइकाला स्वतःच कळेल. पुष्कळ ठिकाणी ती महाग नसतेच.

गिअरची सायकल थेट मागवणाऱ्यासाठी एक सूचना येथे द्यावी लागते. मागच्या गिअरची चेन सरकवणारी यंत्रणा ज्या लहानशा पट्टीवर फ्रेमला अडकवलेली असते तिला हँगर म्हणतात. सायकल आडवी पडली तर फ्रेम वाचावी आणि तीच वाकावी अशा बेताने ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, आणि तिचा आकार प्रायः मॉडेलगणिक वेगळा असतो. सायकल मागवतानाच तिच्या मॉडेलचा एक जादा हँगर सोबत मागवून घरात ठेवावा. तालुक्याच्या गावी तो सहसा मिळत नाही.